शंभर रुपयांच्या दोन बातम्या

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: "घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन दिवसांनी 'मुंबईच्या शास्त्रज्ञांनी शोध लावला' अशी काहीतरी बातमी येते. सासूबाईंचं मागच्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. कुणीतरी 'शंभर रुपयांच्या गोळीने कॅन्सर परत येत नाही' ही टाटा हॉस्पिटलची जुनी बातमी पुन्हा पाठवली आणि आता त्या चालू गोळ्या सोडून तीच मागताहेत. अशा बातम्यांत खरं किती धरायचं? शिवाय मुलगी एस.वाय.बीएस्सीला आहे, तिला संशोधनात जायचंय. मुंबईत खरोखर इतकं काम चालतं का, आणि तिने सुरुवात कुठे करायची?"

ताई, सासूबाईंचं आधी बोलू. चालू गोळ्या एक दिवसही बंद करू नका. त्यांची गाठ हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारची असेल, तर त्यांना टॅमॉक्सिफेन किंवा तशा जातीची गोळी चालू असणार. ती पाच वर्षं, कधी त्याहून जास्त घ्यावी लागते. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलेल्या हजारो स्त्रियांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा या प्रकारच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. असं पाठबळ फार थोड्या औषधांना असतं. बातमीतल्या गोळीच्या मागे अजून तसं काही उभं नाही. ती बातमी दाखवून त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा, पण औषधात बदल करायचा तो डॉक्टरांच्या तोंडून.

मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि त्यानंतर संशोधनाच्या बातम्या लोकांपर्यंत पोचवायच्या कामात आलो. शोधनिबंध वाचायचा, तो करणाऱ्यांशी बोलायचं आणि त्याची दीड पानाची प्रेसनोट करायची, हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून एकच गोष्ट सांगतो: बातमी कुठल्या संस्थेची आहे हे नंतर बघा, ते काम कुठल्या पायरीवर आहे हे आधी बघा. नाव मोठं असलं की आपण पायरी विचारायलाच विसरतो. तुम्ही पाठवलेलं उदाहरण यासाठी अगदी चपखल आहे, कारण परळच्या त्याच टाटा स्मारक केंद्रातून 'शंभर रुपयांत' म्हणून गाजलेल्या दोन बातम्या दीड-दोन वर्षांच्या अंतराने आल्या. दोन्ही स्तनाच्या कर्करोगाशी निगडित, दोन्ही प्रामाणिक संशोधकांच्या, आणि तरी दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोळीची बातमी २०२४च्या फेब्रुवारीअखेरची. त्यामागची कल्पना डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाची. मरणाऱ्या कर्कपेशींमधून गुणसूत्रांचे तुकडे बाहेर पडतात, ते रक्तातून फिरत निरोगी पेशींत शिरतात आणि तिथे बिघाड करतात, असं त्यांचं म्हणणं. द्राक्षांत सापडणारं रेस्व्हेराट्रॉल आणि अगदी थोडं तांबं एकत्र दिलं, तर तयार होणारे ऑक्सिजनचे तीव्र कण या तुकड्यांचा नाश करतात, म्हणून ही गोळी. कल्पना धाडसी आहे आणि मित्रा तिच्यावर कितीतरी वर्षं काम करत आहेत. पण कर्करोग परत येणं थांबतं का, हे पाहण्यासाठी जे प्रयोग झाले ते मानवी कर्कपेशी टोचलेल्या उंदरांवर. माणसांवर झालेलं काम प्रामुख्याने उपचारांचे दुष्परिणाम कमी होतात का, या बाजूने आणि थोड्या रुग्णांवर. म्हणजे तुमच्या सासूबाईंना जे हवंय, कर्करोग परत न येणं, ते या गोळीने साधतं असं दाखवणारी मोठी तुलनात्मक चाचणी ती बातमी आली तेव्हा हातात नव्हती. मथळ्यातून नेमके उंदीर गळाले.

आता दुसरी बातमी घ्या, २०२२च्या सप्टेंबरची. डॉ. राजेंद्र बडवे यांनी ती पॅरिसच्या कर्करोग परिषदेत मांडली आणि पुढच्या वर्षी 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'त ती छापून आली. स्तनातली गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं, एवढंच. दात काढण्याआधी दंतवैद्य हिरडी बधिर करायला वापरतात तेच हे औषध, त्याचा खर्च शंभर रुपयांच्या आतबाहेर. २०११पासून देशातल्या ११ केंद्रांवर, लवकर निदान झालेल्या १,६०० स्त्रियांना यात घेतलं. इंजेक्शन कुणाला द्यायचं हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. बाकी ऑपरेशन आणि पुढचे उपचार दोन्ही गटांना सारखेच. शेवटी १,५८३ जणींचा हिशेब मांडला. पाच वर्षांनंतर इंजेक्शनवाल्या गटात ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. आजार परत न येता पाच वर्षं पार पाडणाऱ्या अनुक्रमे ८६.६ आणि ८२.६ टक्के.

बघा, इथे उंदीर नाहीत, स्त्रिया आहेत, त्याही दीड हजारांच्या वर. तुलनेचे दोन्ही गट जवळजवळ सारखेच मोठे आहेत. आणि मोजलं ते रक्तातलं एखादं प्रमाण नाही, माणूस हयात आहे की नाही हे मोजलं. त्यातही उणीव आहे: दुसऱ्या गटाला दाखवण्यापुरतं साध्या पाण्याचं इंजेक्शन दिलं नव्हतं, आणि इतर कुणी ही चाचणी पुन्हा करून तोच निकाल मिळवणं गरजेचं आहे. पण माझ्या मते गेल्या काही वर्षांत मुंबईतून आलेल्या सगळ्यात मोलाच्या निष्कर्षांपैकी हा एक आहे. गोळीइतकी त्याची चर्चा घराघरांत झाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या बाईचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे तिच्या घरच्यांनी सर्जनला 'लिडोकेनबद्दल तुमचं काय मत आहे?' असं विचारायला हरकत नाही.

याच अभ्यासाचे आकडे दोन तऱ्हांनी छापून आले, तेही समजून घ्या, कारण हा घोळ जवळजवळ प्रत्येक औषधाच्या बातमीत असतो. काही ठिकाणी 'मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी घटला' असं होतं. ते चूक नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं की शंभरातल्या एकोणतीस जणी वाचल्या. प्रत्यक्षात शंभर स्त्रियांमागे पाच वर्षांनी हयात असणाऱ्या तीन-चार जणी जास्त. पहिला आकडा एका गटाचा धोका दुसऱ्याच्या तुलनेत सांगतो, दुसरा शंभर माणसांत नेमका फरक किती पडला ते सांगतो. तुम्ही नेहमी दुसरा शोधा. शंभरात तीन-चार हा आकडा लहान वाटेल, पण भारतात दरवर्षी लाखाहून जास्त स्त्रियांना हा आजार होतो. शंभर रुपयांच्या औषधाने त्यातल्या शंभरामागे तीन-चार वाचत असतील तर ते फार मोठं आहे. त्यासाठी २९चा आकडा पुढे करायची गरजच नाही.

लोक म्हणतात, हे सगळं पत्रकार करतात. अर्धंच खरं आहे. वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४मध्ये ब्रिटनच्या २० विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोट मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिल्या. प्राण्यांवरच्या अभ्यासांपैकी ३६ टक्के प्रेसनोटमध्ये निष्कर्ष माणसांपर्यंत ताणलेला होता. आणि जिथे प्रेसनोटमध्ये ताण होता तिथेच बातमीतही तो आढळला. जिथे प्रेसनोट नेमकी होती तिथे बातमीही बहुतेक नेमकी राहिली. म्हणजे अतिशयोक्तीचा उगम पुष्कळदा विद्यापीठाच्याच कार्यालयात असतो. आपल्याकडे मी हेच पाहतो. संशोधक चार पानं लिहून आणतो, त्यात अटी-शर्ती भरपूर. कार्यालय त्याचं दीड पान करतं, डेस्कवरचा उपसंपादक त्याची सहाशे अक्षरं करतो आणि मथळ्याला सात-आठ शब्द उरतात. प्रत्येक कात्रीत आधी काय जातं? 'उंदरांवर', 'प्राथमिक', 'बारा रुग्णांमध्ये'. म्हणून माझा आग्रह असतो की कुणावर आणि किती जणांवर, हे पहिल्याच वाक्यात बसवायचं. मागून कापताना ते वाचतं.

वाचक म्हणून तुमच्या हातात एक फार चांगलं साधन आहे आणि ते कुणीच वापरत नाही. भारतात माणसांवर होणाऱ्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया. ती २००७मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९पासून औषधचाचणीची तिथे नोंद करणं सक्तीचं झालं. इंटरनेटवर ती कुणालाही फुकट पाहता येते. बातमीतल्या औषधाचं नाव टाकलंत की चाचणीचं पान उघडतं. इंग्रजी आहे, पण मुलगी मदत करेल. त्या पानावर मी चार गोष्टी बघतो. टप्पा कितवा आहे: पहिल्या टप्प्यात फक्त औषध सोसतं का हे पाहतात, तिसऱ्यात ते खरंच उपयोगी आहे का हे. रुग्ण किती घ्यायचे ठरले आहेत. नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी केली की नंतर, कारण आधी केली असेल तर 'आम्ही काय मोजणार' हे मागाहून गुपचूप बदलता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुख्य मोजमाप काय ठरवलं होतं. बातमी म्हणते 'आजार टळला' आणि नोंदीत मुख्य मोजमाप 'रक्तातल्या अमुक घटकाची पातळी' असेल, तर बातमी दोन पायऱ्या पुढे धावली असं समजा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मुंबईत खरंच इतकं काम होतं का. होतं, आणि त्यातलं सगळ्यात थोर काम बातम्यांत क्वचितच दिसतं, कारण त्याला वीस-वीस वर्षं लागतात. १९९८मध्ये टाटा स्मारकाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. वस्त्यांचे वीस भाग पाडले, दहा भागांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, दहांत फक्त आरोग्यशिक्षण. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं. जिथे पेशी बिघडलेल्या असतात तो भाग पांढरा दिसतो. एवढ्यावर संशयित बाईला परळला आणायचं. दर दोन वर्षांनी हे करत गेले. २०१३मध्ये डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेच्या मुख्य सभेत निकाल सांगितला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. प्रयोगशाळा नको, वीज नको, महागडं यंत्र नको.

या अभ्यासावर वादही झाला. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणं नीतीला धरून होतं का, असा प्रश्न अमेरिकेतून विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. त्या काळी त्या वस्त्यांत कुठलीच तपासणी होत नव्हती हे संशोधकांचं उत्तरही समजून घेण्याजोगं आहे. मला दोन्ही बाजूंचं वजन जाणवतं, पण त्या दुसऱ्या गटातल्या बायकांचं ऋण आपल्या सगळ्यांवर आहे, एवढं मी ठामपणे म्हणतो.

त्याच स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचीही तपासणी चालू होती. मॅमोग्राफी नाही, सेविकेने हाताने तपासायचं. त्याचा वीस वर्षांचा हिशेब २०२१मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. एकूण १,५१,५३८ स्त्रिया. सगळ्यांचं मिळून मृत्यूत १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगाने आली असणंही शक्य होतं, म्हणून संशोधकांनी ती ठाम मानली नाही. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मात्र घट सुमारे ३० टक्के होती. स्वतःच्या वीस वर्षांच्या कामाचा मुख्य आकडा ठाम नाही, असं छापून सांगायला धैर्य लागतं. विश्वास कुणावर ठेवायचा असं मला विचाराल, तर असं लिहिणाऱ्यांवर. आणि सासूबाईंच्या वयाच्या तुमच्या नात्यातल्या बायकांसाठी यातून निघणारी गोष्ट व्हॉट्सॲपवर पाठवण्यासारखी आहे: पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी प्रशिक्षित हाताकडून तपासून घ्या.

टाळेबंदीच्या दिवसांतलं एक काम आठवत असेल. २०२०च्या जुलैमध्ये महापालिका, नीती आयोग आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून तीन वॉर्डांत ६,९३६ जणांचं रक्त तपासलं: माटुंग्याचा एफ उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि दहिसरचा आर उत्तर. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं सापडली, इमारतींत १६ टक्के. देशभर बातमी गेली ती 'निम्म्याहून जास्त मुंबईला होऊन गेला' अशा थाटाची. पण शहरात वॉर्ड चोवीस. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शितं पातेल्याच्या सगळ्या बाजूंची घ्यावी लागतात, आणि इथे तीनच वॉर्ड घेतले होते, हे संशोधकांनीच सांगितलं होतं. त्याच तीन वॉर्डांत ऑगस्टमध्ये दुसरी फेरी झाली तेव्हा झोपडपट्टीतला आकडा ४५ टक्के आला आणि इमारतींतला १८. साथ चालू असताना आकडा खाली कसा गेला? काही जणांच्या रक्तातली प्रतिपिंडं काळाबरोबर ओसरतात, आणि दुसऱ्या वेळी माणसंही वेगळी निवडली जातात. एका फेरीचा आकडा म्हणजे एका दिवशी, एका पद्धतीने घेतलेलं माप. त्या अभ्यासातून जे भक्कम उरलं ते वेगळंच होतं: एकाच वॉर्डात, रस्त्याच्या दोन बाजूंना, साथ दोन वेगळ्या वेगाने पसरली होती. दहा-बाय-दहाच्या खोलीत आठ माणसं आणि सार्वजनिक शौचालय असेल तर अंतर ठेवा म्हणून सांगून काय होणार?

पवईची गोष्ट अलीकडची. आयआयटी मुंबईतले डॉ. राहुल पुरवार आणि टाटा स्मारकाचे डॉक्टर यांनी मिळून कार-टी ही उपचारपद्धती देशात तयार केली, तिचं नाव नेक्सकार-१९. रुग्णाच्या रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या, त्यांच्यात एक जनुक घालून त्यांना कर्कपेशी ओळखायला शिकवायचं, त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि पुन्हा त्याच रुग्णाला द्यायच्या. ऑक्टोबर २०२३मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत उद्घाटन झालं. परदेशात जो उपचार कोट्यवधींना पडतो तो इथे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात मिळतो, आणि तरीही लाखांतच जातो. हे फार मोठं यश आहे, यात शंका नाही. पण 'कॅन्सरवर देशी उपचार' हा मथळा वाचून फुप्फुसाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पवईला फोन लावतात. हा उपचार बी पेशी या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींच्या ठरावीक रक्त-कर्करोगांसाठी आणि लिम्फोमासाठी, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी, आहे, तोही नेहमीचे उपचार चालले नाहीत तर. २०२५मध्ये 'लॅन्सेट हिमॅटोलॉजी'त छापलेल्या चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांत प्रतिसाद मिळाला. प्रतिसाद म्हणजे आजार मागे हटला, कायमचा गेला असं नाही. ते कळायला वर्षं जावी लागतात.

सगळंच काही आजारांचं नसतं. मला स्वतःला सगळ्यात आवडणारं उदाहरण कुलाब्याच्या जुन्या वेधशाळेचं. १८४१पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापं नियमित घेत. १८५९च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावरून प्रचंड वादळ आलं, तेव्हाही तिथला निरीक्षक चुंबकाची सुई नजरेने वाचून वहीत आकडे टिपत होता. नेहमी तासातासाने, आणि सुई डळमळू लागली की काही मिनिटांनी. त्या वहीत चुंबकीय क्षेत्र एकाएकी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची नोंद आहे. ती वही जपून राहिली. २००३मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ती नोंद वापरून त्या वादळाची तीव्रता मोजली. आज वीजवाहिन्या आणि उपग्रहांना सौर वादळाचा केवढा धोका आहे याचा अंदाज बांधताना जगभर त्या कामाचा दाखला देतात. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मापं बिघडतील म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला नेलं, आणि ते तिथे अजून चालू आहे. आज कुणी 'रोज तेच आकडे टिपतो' म्हणून प्रेसनोट काढली तर एकही ओळ छापून येणार नाही. पण मुलीला हे जरूर सांगा.

पदार्थविज्ञानवाले मात्र पायरीबाबत फार काटेकोर. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिची निरीक्षणं वापरणाऱ्या भारतीय गटाने आणि युरोपीय गटाने जून २०२३मध्ये अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळाल्याचं जाहीर केलं. त्यांनी स्वतः त्याला शोध म्हटलं नाही, कारण शोध म्हणायला त्यांच्या शास्त्रात योगायोगाची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक इतकी खाली यावी लागते, आणि ते अजून तिथवर पोचले नव्हते. वैद्यकाच्या बातम्यांत इतका संयम आला तर तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप बराच शांत होईल.

राहिल्या कॅम्पसच्या बातम्या. अमक्या विद्यापीठाचं मानांकन चार जागा वर गेलं, तमक्याला कोटीचं पॅकेज मिळालं, या वाचून सोडून द्या. एक बातमी मात्र तुमच्या मुलीच्या उपयोगाची आहे आणि ती आतल्या पानावर कुठेतरी छापली गेली. १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली आहे. केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि संशोधन संस्था मिळून सहा हजारांवर ठिकाणी ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. आमच्या वेळी एका शोधनिबंधासाठी कुलाब्याच्या किंवा माटुंग्याच्या ग्रंथालयात ओळख काढावी लागे. तिच्या कॉलेजला ही सोय मिळते का हे तिने ग्रंथपालांना विचारावं, मिळत नसेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलाच्या ग्रंथालयात.

मुलीने सुरुवात मानखुर्दपासून करावी. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, ऑलिम्पियाडवालं, पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी 'नियस' नावाचा कार्यक्रम चालवतं. सुट्टीत शिबिरं होतात आणि निवडलेल्या मुलांना एखाद्या संशोधकाच्या हाताखाली प्रत्यक्ष प्रकल्प करायला मिळतो. कॉलेजच्या प्रात्यक्षिकांत उत्तर आधीच ठाऊक असतं, इथे ते कुणालाच ठाऊक नसतं. हा फरक तिने एकदा अनुभवायला हवा, म्हणजे आपल्याला हे आवडतं का ते तिचं तिलाच कळेल. कुलाब्याच्या टाटा संस्थेत उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी व्हीएसआरपी हा संशोधनाचा कार्यक्रम असतो, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप असते, जीवशास्त्र असेल तर खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा स्मारकाचंच संशोधन केंद्र, आहे, रसायन असेल तर माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान संस्था. रविवारी मोकळी असेल तर टाटा संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा गप्पांचा कार्यक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात होत आला आहे. तिथे शास्त्रज्ञाला थेट प्रश्न विचारता येतो, फी नाही.

पैशाचंही बोलू, कारण आई म्हणून तुमच्या मनात ते असणारच. एमएस्सीनंतर नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. रक्कम वाईट नाही, पण ती कित्येक ठिकाणी महिनोन्महिने रखडते आणि मुंबईत खोलीचं भाडं थांबत नाही. म्हणून पहिल्या वर्षासाठी घरातून थोडा आधार ठेवा.

उन्हाळ्यातल्या जागा बहुतेक ठिकाणी आधीच्या हिवाळ्यातच ठरतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत तिला तयारीला बसवा. एखाद्या प्राध्यापकाला ईमेल करायची असेल तर गुणांनी सुरुवात करू नये. अशा ईमेल त्यांना रोज येतात आणि न उघडता राहतात. त्यांचा एक अलीकडचा शोधनिबंध पूर्ण वाचावा, एखादी आकृती निवडावी आणि दोन ओळींत विचारावं: 'तुमच्या तिसऱ्या आकृतीत दहा नमुन्यांपैकी दोन वेगळे का वागले?' मग आपण कोण, कुठल्या वर्षाला, किती आठवडे मोकळे आहोत, हे सांगावं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी आणि तरी नाही आलं तर पुढच्या प्राध्यापकांचा निबंध उघडावा.